उच्चशक्ती चार्जिंग केबलची सुरक्षित निवड : महाविद्यालयीन वापराच्या संदर्भात एक विवेचन

गोषवारा

लॅपटॉप, टॅबलेट आणि मोबाईल या साधनांना लागणारी विद्युतशक्ती आता बहुतांशी टाइप-सी या एकाच प्रकारच्या केबलमधून पुरवली जाते. बाहेरून सर्व केबली सारख्या दिसत असल्या तरी त्यांची विद्युतधारा वाहून नेण्याची क्षमता भिन्न असते. चुकीच्या केबलमुळे चार्जिंग मंदावते, जोडणीचे टोक तापते आणि क्वचित आगीचा धोका निर्माण होतो. प्रस्तुत लेखात केबलमधील उष्णतेची कारणे, टाइप-सी केबलची रचना, मानके व कायदेशीर तरतुदी यांचे विवेचन केले असून, सोलापूरच्या हवामानाचा विचार करून वैयक्तिक व संस्थात्मक खरेदीसाठी निकष सुचविले आहेत.

बीजशब्द : टाइप-सी केबल, विद्युतधारा, रोध, ई-मार्कर, मानके, संस्थात्मक खरेदी.

१. प्रस्तावना

महाविद्यालयातील अध्यापन, मूल्यमापन आणि प्रशासन ही तिन्ही कामे आता संगणकाशी जोडली गेली आहेत. प्राध्यापक कक्षात एका टेबलावर चार लॅपटॉप आणि तितकेच मोबाईल एकाच वेळी चार्जिंगला लावलेले असणे हे नित्याचे दृश्य आहे. साधन खरेदी करताना त्याची क्षमता, हमी आणि किंमत यांची चौकशी आपण बारकाईने करतो. चार्जर घेतानाही त्यावरील वॅटचा आकडा पाहिला जातो. केबल मात्र ‘असेल ती’ लावली जाते, आणि हरवली तर मिळेल ती आणली जाते.

प्रस्तुत लेखकाच्या विभागात गेल्या उन्हाळ्यात घडलेला एक प्रसंग येथे नमूद करणे उचित ठरेल. अंतर्गत गुणांच्या याद्या संगणकावर भरण्याचे काम सुरू असताना विभागाच्या लॅपटॉपची मूळ केबल सापडेना, म्हणून बाजारातून एक केबल आणण्यात आली. वेष्टनावर मोठ्या अक्षरांत वॅटचा आकडा होता. उत्पादकाचे नाव नव्हते. तासाभराने जळल्याचा वास आला. केबलचे टोक तपकिरी होऊन मऊ झाले होते आणि खालच्या टेबलक्लॉथवर डाग उमटला होता. सुदैवाने खोलीत माणसे होती. तीच केबल रात्री कुलूपबंद खोलीत लावलेली असती तर काय झाले असते, हा प्रश्न त्यानंतर मनातून गेला नाही. भौतिकशास्त्राच्या विभागात ओहमचा नियम दरवर्षी शिकवला जातो. तरीही तो नियम खरेदीच्या वेळी कोणालाच आठवला नाही, ही या प्रसंगातील खरी बोचणी आहे.

२. शक्ती, विद्युतधारा आणि उष्णता

विद्युतशक्ती म्हणजे विभवांतर आणि विद्युतधारा यांचा गुणाकार होय. ६० वॅट शक्ती ५ व्होल्ट विभवांतराने द्यायची झाल्यास १२ अँपिअर धारा लागेल. तीच शक्ती २० व्होल्टने दिल्यास ३ अँपिअर पुरतात. तारेत निर्माण होणारी उष्णता मात्र धारेच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणजेच धारा चौपट कमी झाली की त्याच तारेतील उष्णता सोळापट कमी होते. उच्चशक्ती चार्जिंगचे सारे तंत्र या एका तत्त्वावर उभे आहे.

हे तत्त्व सोलापूरकरांना परके नाही. ३१ डिसेंबर २०१३ रोजी ७६५ किलोव्होल्ट दाबाची रायचूर–सोलापूर पारेषण वाहिनी कार्यान्वित झाली आणि दक्षिणेकडील वीजजाळे देशाच्या उर्वरित जाळ्याशी समकालिक पद्धतीने जोडले गेले. इतका प्रचंड दाब वापरण्याचे एक प्रमुख कारण हेच की, दाब वाढवला म्हणजे तीच शक्ती कमी धारेने वाहून नेता येते आणि वाटेतील हानी घटते. पारेषण वाहिनीत जे तत्त्व शेकडो मैलांसाठी वापरले जाते, तेच आपल्या टेबलावरील एक मीटरच्या केबलमध्ये वापरलेले आहे.

यूएसबी पॉवर डिलिव्हरी या पद्धतीत चार्जर आणि साधन यांच्यात प्रथम ‘बोलणी’ होतात. आरंभी चार्जर केवळ ५ व्होल्ट देतो. त्यानंतर साधन आपली गरज कळवते आणि चार्जर ९, १५ किंवा २० व्होल्टपर्यंत दाब वाढवतो. या पद्धतीची कमाल मर्यादा दीर्घकाळ २० व्होल्ट व ५ अँपिअर, म्हणजे १०० वॅट एवढी होती. मे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३.१ या आवृत्तीने २८, ३६ व ४८ व्होल्ट या नव्या पायऱ्या जोडून ती २४० वॅटपर्यंत नेली. येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, शक्ती १०० वरून २४० वॅट झाली तरी धारेची मर्यादा ५ अँपिअरच राहिली. केबलच्या दृष्टीने निर्णायक राशी वॅट नसून अँपिअर आहे, हे यावरून स्पष्ट होते.

३. टाइप-सी केबलची रचना व ओळख

टाइप-सी जोडणीचे विनिर्देश २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. या जोडणीत एकूण २४ संपर्कबिंदू असून ते परस्परांपासून अर्ध्या मिलिमीटरच्या अंतराने बसविलेले असतात. त्यांपैकी चार धन वाहक, चार भूवाहक आणि उर्वरित माहितीची देवाणघेवाण, जोडणीची ओळख इत्यादींसाठी असतात. शक्तीची बोलणी ज्या वाहकावरून होतात त्याचा संपर्कबिंदू धन वाहकाच्या अगदी शेजारी असतो. त्यामुळे तेथे ओलावा वा धूळ साचल्यास दोहोंचा संपर्क होण्याचा संभव राहतो.

दोन्ही टोके टाइप-सी असलेल्या केबलींचे धारेनुसार दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गातील केबल ३ अँपिअरपर्यंत धारा नेते. २० व्होल्टला तिची मर्यादा ६० वॅट होते. दुसऱ्या वर्गातील केबल ५ अँपिअर नेते आणि तिच्या टोकात ‘ई-मार्कर’ नावाची एक सूक्ष्म चिप असते. चार्जर या चिपला केबलची क्षमता विचारतो. चिपचे उत्तर आले नाही तर प्रमाणित चार्जर ३ अँपिअरपेक्षा अधिक धारा देऊ करत नाही. ही सुरक्षेची पहिली पायरी होय.

याचा एक व्यावहारिक परिणाम पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. ६५ वॅटच्या चार्जरला पूर्ण शक्ती देण्यासाठी २० व्होल्टला ३.२५ अँपिअर धारा लागते. ती ३ अँपिअरच्या मर्यादेच्या किंचित वर असल्याने अशा चार्जरसोबत ५ अँपिअरचीच केबल हवी. साधी केबल लावली तर अपघात होत नाही, परंतु लॅपटॉपला ६० वॅटच मिळतात आणि ‘चार्जर बिघडला’ असा चुकीचा निष्कर्ष काढला जातो.

प्रमाणित केबलवर ‘६० वॅट’ किंवा ‘२४० वॅट’ असे अधिकृत चिन्ह छापण्याची पद्धत यूएसबी इम्प्लिमेंटर्स फोरम या मानक ठरविणाऱ्या संघटनेने २०२१ मध्ये जाहीर केली. पूर्वीच्या १०० वॅटच्या चांगल्या केबली १०० वॅटपर्यंत वापरण्यास हरकत नाही. नवी खरेदी करताना मात्र ६० किंवा २४० हेच दोन आकडे शोधावेत.

२४० वॅटच्या केबलने कमी शक्तीचा मोबाईल जळेल, अशी भीती अनेकदा व्यक्त होते. ती निराधार आहे. किती शक्ती घ्यायची हे साधन ठरवते. केबल केवळ वाट देते. रुंद रस्त्यावरून सायकलही जाऊ शकते, तसेच हे आहे. त्याचप्रमाणे शक्तीची क्षमता आणि माहितीवहनाचा वेग या दोन स्वतंत्र बाबी आहेत. २४० वॅटची केबल माहितीवहनात मंद असू शकते; केवळ चार्जिंगसाठी तो दोष मानण्याचे कारण नाही.

४. तारेची जाडी व लांबी

ई-मार्कर चिप केबलची क्षमता सांगते, मोजत नाही. आतील तार बारीक असेल तर ‘५ अँपिअर’ असे सांगणारी चिप ही खोटा दाखला ठरते. म्हणून तारेचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो.

तारेची जाडी एडब्ल्यूजी या क्रमांकाने दर्शवितात. हा क्रमांक जितका लहान, तितकी तार जाड. अनेक केबलींच्या आवरणावर ‘२८ एडब्ल्यूजी/१पी, २४ एडब्ल्यूजी/२सी’ अशा धर्तीची बारीक छपाई असते. तीत पहिला क्रमांक माहितीवाहक जोडीचा आणि दुसरा शक्तिवाहक तारांचा असतो. आपल्याला दुसरा क्रमांक पाहावयाचा आहे. तांब्याच्या तारेचा २० अंश सेल्सिअस तापमानाला प्रतिमीटर रोध २८ क्रमांकासाठी सुमारे ०.२१३ ओहम, २४ साठी ०.०८४, २२ साठी ०.०५३ आणि २० साठी ०.०३३ ओहम असतो. धारा जाते आणि परत येते, म्हणून एक मीटर केबलमध्ये दोन मीटर तार मोजावी लागते.

टाइप-सीच्या विनिर्देशांनुसार पूर्ण धारा वाहत असताना केबलमधील विभवांतराचा ऱ्हास धन वाहकात ०.५ व्होल्ट आणि भूवाहकात ०.२५ व्होल्ट, असा एकूण ०.७५ व्होल्टपेक्षा अधिक नसावा. दोन्ही वाहक सारख्या जाडीचे आहेत असे स्थूलमानाने गृहीत धरून एकूण ऱ्हास आणि उष्णता पुढीलप्रमाणे येते :

(अ) १ मीटर, २८ क्रमांक, ३ अँपिअर : ऱ्हास सुमारे १.२८ व्होल्ट, उष्णता ३.८ वॅट.
(आ) १ मीटर, २४ क्रमांक, ३ अँपिअर : ऱ्हास ०.५१ व्होल्ट, उष्णता १.५ वॅट.
(इ) २ मीटर, २४ क्रमांक, ३ अँपिअर : ऱ्हास १.०१ व्होल्ट, उष्णता ३ वॅट.
(ई) २ मीटर, २२ क्रमांक, ३ अँपिअर : ऱ्हास ०.६४ व्होल्ट, उष्णता १.९ वॅट.
(उ) १ मीटर, २२ क्रमांक, ५ अँपिअर : ऱ्हास ०.५३ व्होल्ट, उष्णता २.७ वॅट.
(ऊ) २ मीटर, २० क्रमांक, ५ अँपिअर : ऱ्हास ०.६७ व्होल्ट, उष्णता ३.३ वॅट.

यावरून एक सुटसुटीत नियम हाती येतो. ३ अँपिअरसाठी एक मीटरला २४ आणि दोन मीटरला २२ क्रमांकाची तार असावी. ५ अँपिअरसाठी एक मीटरला २२ आणि दोन मीटरला २० क्रमांकाची. भूवाहकाची मर्यादा अधिक कडक असल्याने त्याची तार याहून जाड असणे इष्ट. गरजेपेक्षा लांब केबल घेणे म्हणजे पैसे देऊन रोध विकत घेणे होय.

येथे तांब्याची तार गृहीत धरली आहे. स्वस्त केबलींमध्ये कधी कधी तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनिअमची तार वापरतात. तिचा रोध त्याच जाडीच्या तांब्याच्या तारेच्या सुमारे दीडपट असतो. शिवाय वारंवार वाकवल्याने ती लवकर तुटते. वरून पाहून हा फरक ओळखता येत नाही. केबलचे असामान्य हलकेपण ही केवळ एक खूण होय.

५. खरा धोका : जोडणीचे टोक

वरील उष्णता केबलच्या पूर्ण लांबीत पसरलेली असते, त्यामुळे चांगली केबल केवळ कोमट लागते. धोका निर्माण होतो तो उष्णता एका बिंदूत एकवटल्यावर. टोकातील संपर्क सैल झाला, झाल सुटत आला किंवा तारेचे काही धागे तुटले, की त्या ठिकाणचा रोध वाढतो. समजा, असा रोध ०.२ ओहम झाला. ३ अँपिअर धारेला तेथे १.८ वॅट आणि ५ अँपिअर धारेला ५ वॅट उष्णता निर्माण होईल. प्रयोगशाळेतील झाळण्याचे लहान उपकरण २५ वॅटचे असते, हे लक्षात घेता नखाएवढ्या जागेतील ५ वॅट ही क्षुल्लक गोष्ट नाही. त्या उष्णतेने प्लास्टिक मऊ होते, संपर्क अधिक सैल होतो आणि रोध आणखी वाढतो. हे चक्र एकदा सुरू झाले की थांबत नाही.

विशेष म्हणजे अशा वेळी चार्जरला दोष कळेलच असे नाही. मंडलसंक्षेप झाला तर चार्जर पुरवठा तोडतो. परंतु वाढलेल्या रोधामुळे धारा वाढत नाही, त्यामुळे धारेवर लक्ष ठेवणारी सुरक्षायंत्रणा शांत राहते. टोक तपकिरी होणे, वास येणे, केबल विशिष्ट कोनात धरल्यावरच चार्जिंग होणे या खुणांपैकी एकही दिसली तर केबल त्याच दिवशी बाद करावी. चिकटपट्टी गुंडाळून ती पुन्हा वापरात आणणे ही काटकसर नव्हे.

६. सदोष केबलींचा प्रश्न

सदोष केबलींकडे जगाचे लक्ष वेधले गेले ते २०१५–१६ मध्ये. गूगलमधील अभियंता बेन्सन ल्युंग यांनी नोव्हेंबर २०१५ पासून ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या टाइप-सी केबली स्वतः विकत घेऊन तपासण्यास आणि निष्कर्ष जाहीरपणे लिहिण्यास आरंभ केला. फेब्रुवारी २०१६ मध्ये एका केबलने त्यांचा लॅपटॉप आणि तपासणीची उपकरणे निकामी केली. त्या केबलमध्ये धन वाहक आणि भूवाहक यांची जोडणी उलट झाली होती. त्यानंतर मार्च २०१६ मध्ये ॲमेझॉनने विनिर्देशांचे पालन न करणाऱ्या टाइप-सी केबलींच्या विक्रीस आपल्या नियमांद्वारे मनाई केली.

ल्युंग यांनी दाखवून दिलेला आणखी एक दोष अधिक सर्वत्र आढळणारा होता. एका टोकाला जुनी रुंद टाइप-ए जोडणी व दुसऱ्या टोकाला टाइप-सी असलेल्या केबलमध्ये ५६ किलोओहमचा रोधक असणे आवश्यक असते. तो साधनाला ‘पुरवठा जुन्या पद्धतीचा आहे, बेताने धारा घे’ असा संकेत देतो. त्याऐवजी १० किलोओहमचा रोधक बसवल्यास साधनाला ३ अँपिअर उपलब्ध असल्याचा समज होतो आणि ते तेवढी धारा ओढू लागते. संगणकाची जुनी जोडणी किंवा जुना चार्जर यांना हा भार पेलत नाही. एका रोधकाची किंमत नगण्य. परिणाम मात्र दुसऱ्याच्या साधनावर होतो.

चुंबकाने चिकटणारी सुटी टोके आणि एका केबलला तीन तोंडे असलेले प्रकार बाजारात लोकप्रिय आहेत. सोयीस्कर असले तरी ते टाइप-सीच्या विनिर्देशांत बसत नाहीत. लॅपटॉपच्या उच्चशक्ती चार्जिंगसाठी ते वापरू नयेत.

७. कंपन्यांच्या स्वतंत्र पद्धती

काही मोबाईल उत्पादकांनी दाब वाढविण्याऐवजी धारा वाढविण्याचा मार्ग स्वीकारला आहे. उदाहरणार्थ, ओप्पो कंपनीची ६५ वॅटची सुपरवूक पद्धत १० व्होल्ट व ६.५ अँपिअरवर चालते. ही धारा टाइप-सीच्या ५ अँपिअर मर्यादेच्या पलीकडची असल्याने अशा पद्धतीत उत्पादकाने दिलेला चार्जर व केबल यांची जोडी आवश्यक ठरते. दुसरी केबल लावल्यास साधारणतः वेग कमी होतो. अशी मूळ केबल हरवल्यास त्याच उत्पादकाची घेणे हिताचे होय. ‘सर्व कंपन्यांच्या अतिजलद चार्जिंगसाठी’ असा दावा करणाऱ्या निनावी केबलवर विश्वास ठेवू नये.

८. मानके आणि कायदा

युरोपीय संघाने २०२२ च्या निर्देशाद्वारे मोबाईल, टॅबलेट इत्यादी साधनांसाठी २८ डिसेंबर २०२४ पासून आणि लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ पासून टाइप-सी जोडणी बंधनकारक केली. भारतात भारतीय मानक ब्युरोने टाइप-सी जोडणी व केबलींसंबंधीचे आंतरराष्ट्रीय मानक भारतीय मानक म्हणून स्वीकारल्याचे जानेवारी २०२३ मध्ये जाहीर झाले.

इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या अनिवार्य नोंदणीचा आदेश भारतात २०१२ मध्ये निघाला. संगणकीय साधनांचे चार्जर या योजनेत येतात. त्यांवर ब्युरोचे चिन्ह व ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. ‘बीआयएस केअर’ या मोबाईल उपयोजनात हा क्रमांक टाकून त्याची सत्यता पडताळता येते. मात्र हे चिन्ह ज्या चार्जरवर असते त्या चार्जरपुरतेच बोलते. सोबत दिलेल्या किंवा नंतर घेतलेल्या केबलविषयी ते काहीही सांगत नाही. केबलसाठी फोरमचे अधिकृत चिन्ह पाहावे आणि शक्य असल्यास फोरमच्या संकेतस्थळावरील प्रमाणित उत्पादनांच्या यादीत तिचा शोध घ्यावा.

वेष्टित वस्तूंसंबंधीच्या २०११ च्या वैधमापन नियमांनुसार वेष्टनावर उत्पादक वा आयातदार यांचे नाव व पत्ता, कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क असणे आवश्यक आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीबद्दल उत्पादनदायित्वाची तरतूद आहे. उत्पादकाची ओळख पटत नसेल तर विशिष्ट परिस्थितीत विक्रेताही जबाबदार ठरू शकतो. परंतु पावतीच नसेल तर खरेदी सिद्ध कशी करणार? थोडक्यात, वेष्टनावरील नाव आणि हातातील पावती या दोन गोष्टींमुळेच केबलला कोणी तरी उत्तरदायी ठरते.

९. सोलापूरच्या संदर्भात

सोलापुरात एप्रिल–मे महिन्यांत तापमान ४० अंशांच्या वर जाणे नित्याचे आहे. तांब्याचा रोध दर अंशामागे सुमारे ०.३९ टक्के वाढतो. म्हणजे २० अंशांऐवजी ४५ अंशांना तो जवळजवळ दहा टक्क्यांनी अधिक असतो. त्याहून महत्त्वाची बाब तापमानवाढीची आहे. विनिर्देशांनुसार पूर्ण धारेला जोडणीच्या पृष्ठभागाचे तापमान सभोवतालच्या तापमानापेक्षा कमाल ३० अंशांनी वाढू शकते. सभोवताली २५ अंश असताना ही मर्यादा ५५ अंशांवर येते. आपल्याकडे बंद खोलीत ४२ अंश असताना तीच मर्यादा ७२ अंशांवर पोहोचते. नियमात बसणारी केबलही येथे अधिक तापते. मग निकृष्ट केबलविषयी काय बोलावे!

दुसरी बाब धुळीची व तंतूंची. यंत्रमागांच्या या शहरात हवेतील सूत आणि खिशातील कापसाचे तंतू साधनाच्या जोडणीत साचतात. त्यामुळे केबल पूर्ण आत बसत नाही आणि संपर्क सैल राहतो. साधन बंद करून, लाकडी वा प्लास्टिकच्या काडीने ही जागा अलगद साफ करावी. टाचणी अथवा सुई वापरू नये.

तिसरी बाब वसतिगृहांची. विद्यार्थी मोबाईल उशीशी घेऊन, चादरीखाली चार्जिंगला लावून झोपतात. सोलापुरी चादरीची ख्याती तिच्या उबेसाठी आहे आणि नेमकी तीच ऊब केबलला घातक ठरते. उष्णता बाहेर पडण्यास वाट उरत नाही आणि जवळच कापूस असतो. वसतिगृह प्रमुखांनी प्रवेशाच्या वेळी दिल्या जाणाऱ्या सूचनांत ही एक ओळ अवश्य जोडावी : चार्जिंग कठीण पृष्ठभागावर, अंथरुणापासून दूर.

सोलापूरकर चादर घेताना ती हातात घेतो, वजन पाहतो, वीण पारखतो, किनार उलटून बघतो. सोलापूरच्या नावाने विकल्या जाणाऱ्या नकली चादरी त्याला फसवू शकत नाहीत. केबलच्या बाबतीत ही पारख चालत नाही, कारण तिचे सूत आवरणाच्या आत दडलेले असते. बाहेरचे जाड आवरण आणि विणलेला गोफ यांवरून आतील तांब्याचा अंदाज बांधता येत नाही. म्हणून येथे डोळ्यांऐवजी चिन्ह, आकडा आणि पावती यांवर विसंबणे भाग आहे.

१०. संस्थात्मक खरेदीसाठी शिफारशी

महाविद्यालयांत किरकोळ साहित्य दरपत्रके मागवून न्यूनतम दराने घेतले जाते. मागणीपत्रकात ‘चार्जिंग केबल – १० नग’ एवढेच लिहिले असेल तर सर्वांत निकृष्ट केबलच नियमानुसार पात्र ठरते. यात खरेदी समितीचा वा विक्रेत्याचा दोष नाही. दोष अपुऱ्या वर्णनाचा आहे. वर्णन पूर्ण केल्यास न्यूनतम दराची पद्धतही सुरक्षित ठरू शकते. मागणीपत्रकात पुढील मजकूर असावा, असे सुचविण्यात येते :

(१) दोन्ही टोके टाइप-सी. लांबी १ मीटर, अपवादात्मक गरजेसाठी २ मीटर.
(२) ५ अँपिअर, ई-मार्करयुक्त, २४० वॅटचे अधिकृत चिन्ह असलेली. अथवा लॅपटॉपच्या मूळ उत्पादकाची.
(३) शक्तिवाहक तार तांब्याची. जाडी १ मीटरसाठी किमान २२ आणि २ मीटरसाठी किमान २० क्रमांक.
(४) वेष्टनावर उत्पादक वा आयातदाराचे नाव, पत्ता व संपर्क. विक्रेत्याची रीतसर पावती व लेखी हमी.
(५) पुरवठ्यातील एका नगाची विभागीय तपासणी समाधानकारक झाल्यावरच देयक अदा केले जाईल.

शेवटची अट कोणत्याही भौतिकशास्त्र विभागाला पूर्ण करता येण्याजोगी आहे. दोन लहान यूएसबी मापक घेऊन एक चार्जरच्या टोकाला व दुसरा साधनाच्या टोकाला लावावा. प्रथम दोन्ही मापक केबलविना एकमेकांस जोडून त्यांच्या वाचनांतील फरक नोंदवावा. नंतर मध्ये केबल ठेवून, लॅपटॉप पूर्ण शक्ती घेत असताना दोन्ही ठिकाणचे विभवांतर एकाच वेळी वाचावे. फरकाला धारेने भागले की केबलचा रोध मिळतो. ५ अँपिअरच्या केबलसाठी तो ०.१५ ओहमच्या आत आणि ३ अँपिअरच्या केबलसाठी ०.२५ ओहमच्या आत असावा. अर्ध्या तासानंतर टोकाला बोट लावून पाहावे. बोट टेकवत नसेल तर केबल परत करावी. पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी हा एक उत्तम लघुप्रकल्पही होऊ शकेल.

वैयक्तिक खरेदीसाठी एवढी सामग्री आवश्यक नाही. नवी पेठेतील दुकानात असो वा ऑनलाइन, तीन प्रश्न पुरेसे आहेत. ही केबल किती अँपिअरची आहे? ती कोणी तयार केली आहे? पावती मिळेल का? तिसऱ्या प्रश्नाला नकार मिळाला तर पहिल्या दोन उत्तरांना अर्थ उरत नाही.

११. समारोप

केबल ही चार्जरची उपवस्तू नसून विद्युतमंडलाचा एक पूर्ण घटक आहे, हे प्रस्तुत विवेचनाचे सार होय. तिची निवड वॅटच्या जाहिरातीवरून न करता धारा, तांबे आणि उत्तरदायित्व या तीन कसोट्यांवर व्हावी. चांगल्या व निकृष्ट केबलमधील किमतीचा फरक लॅपटॉपच्या किमतीच्या तुलनेत अत्यल्प असतो. परंतु त्या फरकावर साधनातील वर्षानुवर्षांचे काम आणि कधी कधी खोलीत झोपलेल्या विद्यार्थ्याची सुरक्षितता अवलंबून असते. आमच्या विभागातील तपकिरी टोकाची ती केबल आता प्रयोगशाळेच्या फलकावर लावलेली आहे. ओहमचा नियम शिकवताना ती विद्यार्थ्यांना दाखवली जाते. पुढील मागणीपत्रकावर स्वाक्षरी करण्यापूर्वी आम्हीही तिच्याकडे एकदा पाहतो.